ओंकारनं वाकवलेलं लाकूड

परंदवडी
५ सप्टेंबर २०२४

संदेश,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरला असशील. घाबरू नकोस. तुझ्या आई, आत्याबाई, बऱ्या आहेत, गुडघे सोडले तर. चैती बरी आहे. घरात नवीन वाईट काही झालेलं नाही, जे व्हायचं होतं ते होऊन गेलंय.

फोन का केला नाही, तर तुझा नंबर मी ब्लॉक करून ठेवलाय आणि तो तसाच राहणार. तुझा आवाज मला ऐकायचा नाही. सावंतवाडीतल्या तुझ्या कारखान्याचा पत्ता तुझ्या अपघाताच्या केसमधल्या वकिलाकडून घेतला, अमृत शेलारांकडून. त्यांना वाटलं मी तडजोडीला तयार झाले. त्यांचा तो गैरसमज तिथल्या तिथे दूर केला.

काम असं आहे. शेडमधला मोठा साचा अजून तिथेच, टेबलावर आहे. मामंजींनी देहूरोड डेपोच्या लिलावातून आणलेल्या प्लायचे थर चिकटवून तुम्ही दोघा भावांनी बनवला तो. आत चैतीच्या गिटारच्या शिसवी बाजू आहेत, ओंकारनं वाकवून बसवलेल्या, मधे त्यांना साच्याच्या कडेला दाबून धरणारा जॅक आवळलेला. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी तो घरी आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "चैते, तुझ्या गिटारची कंबर वाकवली बघ. साच्यात ठिवलीय." पोरगी अनवाणी शेडकडं पळाली होती. दहाची होती तेव्हा. त्याच्या हातचं शेवटचं काम ते. दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्याला गाडीत घालून तिकोणा पेठेच्या कँपवाल्यांकडं नेलंस.

ओंकार गेला, तू गाव सोडलंस, त्यानंतर चैती किती तरी महिने शाळेत गेली नाही. जेवताना बोलायची नाही, बोलली तर जेवायची नाही. शेडमध्ये जाऊन बसायची. साच्यात हात घालून आतल्या लाकडावरून बोट फिरवत राहायची, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. तळेगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फिरवू दे. आता ती गणितं पण तिथेच बसून सोडवते. आणि परवा, पोळ्याच्या दिवशी, स्वतःहून म्हणाली, "आई, आपण ती गिटार पुरी करू ना." एवढ्या दिवसांत तिनं माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. मी हो म्हणून बसले.

पुण्यातल्या एका गिटारवाल्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, साच्यासकट आणून द्या, महिन्यात करून देतो. मी नको म्हटलं. ओंकारनंतर त्या लाकडाला तिऱ्हाइताचा हात लागलेला मला चालायचा नाही. मीच करणार. मला त्यातलं काही येत नाही आणि ज्याला येतं असा घरातला तूच एक उरलास, म्हणून हे पत्र.

लाकडावर पांढरी बुरशी आलीय. ती कशानं काढू? जॅक काढायचा का? आधी काय चिकटवायचं? कामापुरतं उत्तर दे. बाकीचं लिहू नकोस.

सविता


परंदवडी
२९ सप्टेंबर २०२४

संदेश,

पत्र मिळालं. "तीर्थस्वरूप वहिनीस शिरसाष्टांग नमस्कार" हे पुढच्या खेपेपासून गाळ. तुझे नमस्कार घेण्याची माझी तयारी नाही.

बाकी सांगितलंस ते सगळं समजलं. तू बोलायचास तेव्हा अर्धं वाक्य खायचास, लिहितोस मात्र नीट. बुरशी स्पिरिटच्या फडक्यानं पुसली, लाकूड खालून तसंच काळंभोर निघालं. चैतीनं वास घेतला आणि म्हणाली, "बाबांच्या शर्टाचा वास." दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही, हवा कोरडी होऊ द्यायची, हेही लक्षात ठेवलंय. मग वरचा आणि खालचा ठोकळा साच्यातच चिकटवायचा, मग आतून कडेनं बारीक पट्टी, आणि पुढची फळी चिकटेपर्यंत काही झालं तरी साच्यातून बाहेर काढायचं नाही. बाहेर आलेलं लाकूड परत सरळ व्हायला बघतं. हे तू तीनदा लिहिलंयस. मी काही दुसरीतली पोर नाही.

ओंकार मला यातलं काही सांगायचा नाही. मी शेडमध्ये चहा घेऊन गेले की काम थांबवायचा. शेवटी शेवटी तर ग्लास दोन्ही हातांनी धरून प्यायचा, लहान पोरं दूध पितात तसा, आणि मी चेष्टा केली की हसायचा. हे तुला कशाला लिहितेय कोण जाणे.

तुझे वकील येऊन गेले. पडवीत बसून त्यांनी एकच गोष्ट चार बाजूंनी विचारली. तुझ्या डाव्या तळव्याचं. म्हणाले, "वहिनी, संदेश त्या हाताबद्दल तोंडच उघडत नाही. तो हात आधीच भाजलेला होता, आणि तरी मोठ्या भावानं त्याला गाडी काढायला लावली, असं घरातल्या कुणी सांगितलं तर कोर्ट वेगळ्या नजरेनं बघेल."

मी सांगितलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. आता तुला विचारते, कारण दीड वर्ष हे डोक्यात आहे. दुधिवरे खिंडीच्या उतारावर गाडी खाली गेली, पण पेटली नव्हती. पंचनामा मी वाचलाय. मग इस्पितळात तुझा डावा तळवा सोलल्यासारखा लाल का होता? गावात म्हणतात तू पिऊन चुलीवर पडला असशील आणि तसाच गाडी चालवायला बसलास. तू पीत नव्हतास हे मला ठाऊक होतं. आता ठाऊक असलेल्या गोष्टींवरचाही माझा विश्वास उडालाय.

याचं उत्तर दे. हेही कामापुरतंच समज.

सविता


परंदवडी
१४ ऑक्टोबर २०२४

संदेश,

घोटाळा झालाय. ताबडतोब उत्तर पाठव, साध्या पोस्टानं नको, कुरियरनं.

दसऱ्याला आत्याबाईंनी हत्यारं पुजायला काढली. रंधे, पटाशा, करवती, तुम्ही दोघं करायचात तसंच सगळं. मग म्हणाल्या, "माझ्या ओंकारचं काम त्या खोड्यात आडकल्यालं. त्याला हळद-कुकू नगं लावाय? येका दिसानं काय हुतंय?" मी म्हटलं, संदेशनं काढू नका असं लिहिलंय. तर म्हणाल्या, "त्यो काय देव हाय?" हे ऐकायला मला बरं वाटलं, खरं सांगते. तुझं ऐकायचं नाही म्हणून मी बोल्ट सोडले.

जॅक सैल केला, साच्याचे दोन अर्धे बाजूला केले आणि दोन्ही पट्ट्या पाटावर मांडल्या. झेंडू, आपट्याची पानं, हळदीची बोटं. चैतीनं दिवा ओवाळला. सगळ्यांना इतकं समाधान वाटलं की संध्याकाळपर्यंत त्या तशाच ठेवल्या.

दिवेलागणीला परत बसवायला गेले तर एक पट्टी बसली, दुसरी बसेना. कमरेपाशी उघडलीय. साच्यापासून दोन बोटं लांब राहते. मी जॅक आवळला तर आतून चर्र असा आवाज आला. तिथेच थांबले. चीर दिसत नाही, पण आवाज आला होता, तिघींनीही ऐकला.  चैतीनं पाटावरची फुलं एकेक गोळा केली आणि झोपायला गेली. दोन दिवस झाले, तिला परत ते जुनं गप्प राहणं लागलंय. आज डबा तसाच परत आणला.

तू म्हणशील सांगितलं होतं. म्हण.

मला फक्त एवढंच सांग, ओंकारनं वाकवलेली ती कंबर परत येते का? नवीन पट्टी वाकवून घाल असलं काही लिहू नकोस. नवीन मला नको आहे. नवीन म्हणजे ती ओंकारची नाही. त्या पोरीकडं बापाचं म्हणून तेवढंच आहे.

हाताबद्दल विचारलेलं तू गिळून टाकलंस, तेही लक्षात आलंय.

सविता


परंदवडी
१० नोव्हेंबर २०२४

संदेश,

बसली.

आधी ते सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. तुझा जीव भांड्यात पडावा अशी माझी इच्छा नव्हती, पण तू चार पानी पत्र पाठवलंस, खाली चित्रं काढलीस, तेव्हा एवढं कळवायला हवं.

दिवाळी होऊन हवा कोरडी होईपर्यंत थांबले. मग तू सांगितलंस तशी भंगारातल्या पट्ट्यांवर सवय केली. पाईप शिकंज्यात आडवा धरला, आत गॅसची बत्ती लावली, पाण्याचा थेंब पाईपवर नाचायला लागला की तापला समजायचं. पहिल्या पट्ट्या कडाकड मोडल्या. आत्याबाई दारातून म्हणाल्या, "आगं, जळान फोडतीयास का काय?" मग हळूहळू जमायला लागलं. तू लिहिलंयस की जोर लावायचा नाही, लाकूड ढिलं पडलं की हाताला आपोआप कळतं. मला वाटलं हे उगाच लिहायचं म्हणून लिहिलंय. पण कळतं. कच्चा पापड तव्यावर टाकला की आधी एकदम मऊ पडतो ना, तसं ते एका क्षणाला मऊ पडतं.

काल मी रजा टाकली आणि चैती शाळेत असताना खरी पट्टी घेतली. ओलं फडकं लावलं, कंबर पाईपवर टेकवली, डाव्या तळव्यानं दाबत राहिले. शिसम ढिलं पडायला लागलं आणि त्याच वेळी माझा हात घसरून पाईपला चिकटला. तू लिहिलेलं वाक्य मला तोंडपाठ होतं. "हात भाजला तर झटका देऊ नका. झटका दिला की पट्टी कमरेत फुटते. आधी पट्टी साच्यात बसवायची, मग हाताकडं बघायचं." मी बघितलं नाही. तशीच उचलली, साच्यात घातली, जॅक आवळला. पट्टी कडेला टेकली, कुठंही फट नाही. मग ओरडले.

चर्र वाजलं होतं तिथं आतून केसाएवढी चीर होती. त्यावर तू म्हणालास तसं सुती कापड चिकटवलं, ओंकारच्या जुन्या धोतराचं. चैती शाळेतून आली, साच्यात हात घालून बोट फिरवलं आणि दप्तर न काढताच म्हणाली, "आई, भूक लागली."

इथपर्यंत छान झालं. आता दुसरं.

रात्रीच्या भाकरी मला थापता येईनात. आत्याबाई म्हणाल्या, दाव बघू हात. मी दाखवला. अंगठ्याच्या खाली, तळव्याच्या मांसल भागावर, लांबट फोड. त्यांनी हात बघितला आणि त्या चुलीसमोर होत्या तिथेच खाली बसल्या. कितीतरी वेळ माझा हात सोडेनात.  नंतर परड्यात जाऊन कोरफड कापून आणली आणि लावत बसल्या, आणि डोळ्यांना पदर.

फोडाकडं बघताना मला तुझा हात आठवला. इस्पितळातला. तोच हात, तीच जागा.

संदेश, तू काय वाकवत होतास?

सविता


परंदवडी
१२ नोव्हेंबर २०२४

संदेश,

तुझ्या उत्तराची वाट बघत बसणार नव्हतेच. परवा संध्याकाळीच आत्याबाईंना धरलं. चैती शेजारी हिराकडं अभ्यासाला गेली होती. दार लावून घेतलं आणि म्हटलं, आज सांगितल्याशिवाय दोघींपैकी कुणी जेवायचं नाही.

त्या बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. तुझ्या आईचे शब्द आहेत, तुलाही नीट कळतील.

"संदेशचा बी हितंच भाजला हुता. आदल्या दिशी, दुपारच्याला. म्याच कोरफड लावली. ओंकारचं हात कापत हुतं, सविता. चार म्हैनं झालं हुतं. कप धरवत नव्हता त्याला. समदं काम संदेशच वडायचा. पर पोरीचं म्हनून ह्ये म्या करनार, म्हनला. फळी पायपावर धरली आन कमरंत फुटली. हितं यिऊन लय रडला. म्हनला, आये, सविताला सांगू नगंस. ती फुटल्याली म्याच चुलीत घातली. मंग संदेशनं दुसरी काढली आन दोन्ही बी त्यानंच वाकवल्या. त्यात त्याचा हात ग्येला. सकाळी संदेश म्हनला, दादा, आज नगं, मला गेर बदलता यायचा न्हाई. ओंकार म्हनला, कँपवाल्यास्नी शबूद दिलाय, आन माज्यानं गाडी चालवत न्हाई. तू काड."

 मग म्हणाल्या, "दवाखान्यात संदेशनं माजं पाय धरलं. म्हनला, आये, चैतीला बापानं सांगितलंय की ती त्यानं वाकिवली. त्ये तसंच ऱ्हाऊ दी."

दोन दिवस मी शाळेत शिकवतेय. पोरांचे पाढे घेतेय. फळ्यावर काय लिहिलं ते परत वाचून बघावं लागतं.

चार महिने त्याचे हात कापत होते. तुला माहीत, आईला माहीत, आणि मला नाही. मी त्याला विचारायचे, लहान पोरासारखा दोन हातांनी ग्लास का धरतोस. तो हसायचा, मग मीही हसायचे. त्याच्याशेजारी झोपत होते मी. भाजी चिरायला तो बसायचा नाही म्हणून भांडलेही होते. बायकोला हात कापतात हे सांगायची लाज वाटली त्याला, आणि भावाला भाजलेल्या हातानं खिंड उतरायला लावायची वाटली नाही. तो समोर असता तर त्याला काय बोलले असते, माझं मलाच माहीत नाही. इतका राग मला त्याचा कधीच आला नव्हता, आणि तो करायचा कुणावर?

आणि तू. सप्टेंबरपासून मी तुला लिहितेय, ओंकारचं काम, ओंकारची कंबर, त्याच्या हातचं शेवटचं. तू वाचत राहिलास आणि स्पिरिटचं फडकं वापरा म्हणून लिहीत राहिलास. नवीन पट्टी नको, ती ओंकारची नाही, असं मी लिहिलं तेव्हा तुला हसू आलं की रडू? एकदा तरी लिहायचंस, वहिनी, ते माझं आहे. मी फाडून टाकलं असतं ते पत्र, पण लिहायचं तरी होतंस.

तुम्हा तिघांनी मिळून मला आणि माझ्या पोरीला एका गोष्टीत ठेवलं आणि दार बाहेरून लावून टाकलं. मला आता त्यातून बाहेर यायला जागा नाही.

सविता


परंदवडी
२७ फेब्रुवारी २०२५

संदेश,

तीन महिने लिहिलं नाही. मधल्या काळात तुझी दोन पत्रं आली. एक कामाचं, मागची फळी चिकटवायचं, आणि एक तो कागद ज्यावर एकच ओळ होती. "चैतीला कळू देऊ नका."

गिटार झाली. कडेची पट्टी चिकटवायला मी घरातले सगळे कपड्यांचे चिमटे वापरले, आठवडाभर आम्ही धुणं दोरीवर नुसतंच टाकत होतो. पुढची फळी लागली, मागची लागली, आणि जानेवारीत एका रविवारी बोल्ट सोडून साचा उघडला. ह्या वेळी काही सरकलं नाही. खोकं बाहेर काढून चैतीच्या मांडीवर ठेवलं. त्याचा दांडा तुमच्या शेडमधल्या तयार दांड्यांतलाच लावला. तारा तळेगावच्या संगीताच्या कौमुदी मॅडमनी चढवून दिल्या. त्यांनी चारदा विचारलं, कुणी शिकवलं तुम्हाला? मी म्हटलं, घरातच शिकले.

चैती ती उशाशी घेऊन झोपते. दात घासतानाही मांडीवर असते. वाजवायला अजून काही येत नाही, एकच सूर काढते आणि खोक्याच्या कडेला गाल लावून तो जाईपर्यंत ऐकत राहते. परवा कमरेच्या वळणावर तळवा ठेवून मला म्हणाली, "आई, बाबांनी इथंच धरलं असणार ना?" मी हो म्हटलं. विचार करायला मला वेळ लागला नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात स्टेजवर उभी राहिली आणि माईकवर म्हणाली, "हे लाकूड माझ्या बाबांनी वाकवलंय." दोन वर्षांत पहिल्यांदा इतक्या लोकांसमोर बोलली. बायांनी डोळे पुसले. मीही पुसले. माझ्या शेजारी आत्याबाई ताठ बसून होत्या.

त्याच दिवशी घरी येताना चैती पुढं पळाली तशी रस्त्यात त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "आता झाली की गिटार. आता मला कोरटात बोलू दी. एक पोरगा ग्येला माजा. दुसरा बी आत जाऊ दिऊ व्हय?"

मी नाही म्हटलं.

त्या म्हणाल्या, "आगं, त्यानं जानून न्हाई क्येलं. लोक त्याला बेवडा म्हनत्यात. म्या माजं त्वांड बांदून किती दिस बसू?" मी म्हटलं, वडगावच्या कोर्टात सकाळी बोललेलं संध्याकाळी परंदवडीत पोचतं. दुसऱ्या दिवशी नळावर कुणीतरी चैतीला गाठून सांगेल, तुझ्या बापानं न्हाई, काकानं वाकवलीय ती. आणि तुझ्या बापाचे हात कापत होते. आणि तुझ्या बापानंच काकाला तसल्या हातानं गाडी काढायला लावली. तुम्ही सांगा तिला मग जेवायला कसं बसवायचं.  रात्री घरी मी त्यांना चैतीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला, कुणाला सांगणार नाही म्हणून. पोर झोपली होती, गिटार अंगाशी. त्यांनी हात ठेवला. तेव्हापासून त्या मागच्या चुलीवर स्वतःची भाकर वेगळी करून खातात. माझ्या हातचं पाणीही घेत नाहीत. चैतीला सांगितलंय की आज्जीचं व्रत आहे.

तू चैतीला कळू देऊ नका म्हणून लिहिलंस, त्यासाठी मी हे करतेय असं समजू नकोस. तू खरं सांगा म्हणून हातापाया पडला असतास तरी मी हेच केलं असतं. आणि उपकार मानायला हे पत्र लिहितेय असंही नाही. तुझ्यावरचा राग गेला नाही. जायला हवा होता, सगळं कळल्यावर. त्यातला निम्मा ओंकारवर गेला, पण तो नाही, मग फिरून तो तुझ्याच वाट्याला येतो. सकाळी तुला एवढं कळत होतं की गिअर बदलता येणार नाही, तर गाडीची किल्ली विहिरीत का टाकली नाहीस? मोठ्या भावाला नाही म्हणता आलं नाही तुला. एवढंच ना? तेवढ्यासाठी माझी पोर बिनबापाची झाली. आणि त्याच पोरीसाठी तू हात जाळून घेतलास, हे मला रोज दिसतं, ती गाल लावून बसते तेव्हा दिसतं, आणि त्याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही.

अमृत शेलार काल परत आले होते. पुढच्या महिन्यातली तारीख शेवटच्या साक्षींची आहे. आत्याबाई त्यांच्यासमोर आल्याच नाहीत, म्हणून त्यांनी माझं नाव दिलंय. म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्याच्या विरुद्ध आहात हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच तुम्ही जे सांगाल ते कोर्ट मानेल. नाहीतर तो आत जाणार, हे लिहून घ्या." ते बोलत असताना आतल्या खोलीत चैती तोच एक सूर काढत होती.

तू समोर उभा असशील. ते मला विचारतील, संदेशचा हात कधी भाजला, कशानं भाजला. मी शपथ घेऊन सांगणार आहे की मला माहीत नाही.

सविता